सेरेंगेटीला जाताना: किती उद्याने, किती दिवस आणि कोणता महिना

प्रश्न असा आहे: नाशिकचे चौघांचे कुटुंब आहे, पती-पत्नी, 11 वर्षांचा मुलगा आणि 67 वर्षांच्या सासूबाई. ताडोबाला चार वेळा जाऊन आले आहेत. आता आफ्रिकेत जाऊन विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या तिथल्या मोठ्या हरणांचे, स्थलांतर पाहायचे आहे आणि जमल्यास कळप नदी ओलांडतानाही पाहायचा आहे. एका प्रवास कंपनीने त्यांना आठ दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. त्यात केनियातील अंबोसेली, नाकुरू आणि मसाई मारा, तसेच टांझानियातील सेरेंगेटी, एन्गोरोंगोरो आणि मन्यारा आहे. हा कार्यक्रम घ्यावा का, आणि मुलाची शाळा सांभाळून मे महिन्यात जावे की दिवाळीत, असे त्यांनी विचारले आहे.

गेली 16 वर्षे मी महाराष्ट्रातील लहान गटांना पूर्व आफ्रिकेत नेत आहे, त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देते. हा कार्यक्रम घेऊ नये. त्याऐवजी फक्त टांझानिया निवडावा, एन्गोरोंगोरो आणि सेरेंगेटी एवढ्या दोनच जागा ठेवाव्यात आणि सेरेंगेटीत किमान चार रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करावा. आठ दिवस तेच, खर्चही बहुधा तेवढाच, पण आपण रस्ता पाहून परत येणार नाही. आता कारणे सांगते.

नकाशावर मसाई मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना अगदी लागून दिसतात आणि प्राण्यांच्या दृष्टीने ते एकच रान आहे. पर्यटकाला मात्र तिथून सरळ पलीकडे जाता येत नाही. पश्चिमेकडे वळसा घालून इसेबानिया–सिरारीच्या नाक्यावर जावे लागते, तिथे दोन्ही देशांचे सोपस्कार होतात, केनियाची गाडी आणि चालक सोडून टांझानियाच्या गाडीत बसावे लागते आणि एवढ्यात पूर्ण दिवस जातो. शिवाय प्रवेशाची परवानगी दोन्ही देशांची वेगवेगळी काढावी लागते. त्या कार्यक्रमातील आठ दिवसांपैकी येण्याजाण्याचे दोन वजा केले आणि सहा उद्याने सहा दिवसांत बसवली, तर प्रत्येक ठिकाणी सकाळची किंवा संध्याकाळची एखादी फेरी पदरात पडते. सासूबाईंच्या कंबरेला रोज सहा-सात तासांचा कच्चा रस्ता झेपेल का, हा प्रश्न त्याहून वेगळा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे.

आपण ताडोबा पाहिले आहे म्हणून आकाराचा अंदाज देते. ताडोबाचे गाभा क्षेत्र सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे, मसाई मारा सुमारे 1,510 आणि सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे 14,763 चौरस किलोमीटर. म्हणजे ताडोबाचा गाभा तेवीस वेळा मावेल एवढे ते मोठे आहे. अशा ठिकाणी एक रात्र राहून ‘सेरेंगेटी पाहिले’ असे म्हणता येत नाही. मसाई जमातीच्या भाषेत या नावाचा अर्थच अंतहीन मैदान असा सांगतात, आणि नाबी टेकडीच्या फाटकापाशी उभे राहून दक्षिणेकडे पाहिले की तो अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

स्थलांतर म्हणजे काय हे समजून घेतले तर महिना निवडणे सोपे जाते, म्हणून इथे थोडे थांबते. सुमारे 13 लाख विल्डबीस्ट, आणि त्यांच्यासोबत लाखोंच्या संख्येने झेब्रे व गॅझेल हरणे, वर्षभर एक मोठे वर्तुळ फिरत असतात. त्याला ना ठरावीक सुरुवात असते, ना शेवट. दक्षिणेकडील मैदानांवर जुन्या ज्वालामुखींची राख पडलेली आहे. ती माती उथळ, खाली कडक थर असलेली आणि कॅल्शियम-फॉस्फरसने समृद्ध आहे. पावसानंतर तिथे उगवणारे आखूड गवत दूध पाजणाऱ्या मादीला नेमके जे हवे असते ते देते. पण त्या मैदानांवर बारमाही पाणी नाही. पाऊस संपला की गवत करपते, डबकी आटतात आणि कळप पश्चिमेकडे व मग उत्तरेकडे सरकू लागतात, कारण उत्तरेला पाऊस जास्त आणि मारा नदी बारमाही. पुन्हा नोव्हेंबरच्या सरींबरोबर ते दक्षिणेला परततात. या सगळ्याला घड्याळ पावसाचे आहे, आणि आपल्याकडचा मृगाचा पाऊस जसा दिनदर्शिका पाहून येत नाही तसाच तोही येत नाही. ‘अमुक तारखेला कळप अमुक जागी असतील’ अशी हमी कोणी देत असेल तर ती मान्य करू नये.

आपल्या शेतकऱ्यांच्या जुन्या पिढीला जवळची वाटेल अशी एक गोष्ट या कळपांमागे आहे. 1880 च्या दशकाच्या अखेरीस बुळकांडी, म्हणजे रिंडरपेस्ट, हा गुरांचा रोग ईशान्य आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो गेला असे मानले जाते. काही वर्षांतच मसाईंची बहुतेक गुरे त्यात गेली आणि विल्डबीस्ट व रानम्हशींचेही तेच झाले. पुढे अनेक दशके हा रोग वासरांना मारत राहिला. आजूबाजूच्या पाळीव गुरांना लस टोचली गेली, तेव्हा 1960 च्या दशकात रानातूनही तो नाहीसा झाला. त्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1977 पर्यंत 13 लाखांवर गेले. आज आपण जो देखावा पाहायला जातो तो गोठ्यातल्या गाईला टोचलेल्या लशीतून उभा राहिला आहे, हे मी प्रत्येक गटाला आवर्जून सांगते.

आता महिना. शाळेचा विचार बाजूला ठेवला तर माझी पहिली पसंती फेब्रुवारीला आहे. त्या वेळी कळप दक्षिणेला एन्डुटूच्या आसपास असतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरे जन्मतात. बहुतेक माद्या एकाच सुमारास वितात, त्यामुळे तरस आणि सिंह यांनी कितीही मारली तरी बहुसंख्य वासरे वाचतात. एका फेब्रुवारीत सकाळी साडेनऊला आमच्या गाडीपासून तीस पावलांवर एक मादी बसली, उठली, पुन्हा बसली आणि वासरू खाली पडले. मी घड्याळ लावले होते. दुसऱ्या मिनिटाला त्याने मान उचलली, चौथ्याला मागचे पाय ताठ करताना तोंडावर पडले, सहाव्याला चारही पायांवर उभे राहिले आणि दहाव्या मिनिटाला आईच्या पोटाला घासून धावू लागले. मागे दोन कोल्हे वार खायला येऊन थांबले होते. शाळेतून आठवडाभराची परवानगी मिळत असेल तर ती याच महिन्यासाठी मागावी.

ती मिळणार नसेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या 10-12 तारखेपर्यंतचा काळ घ्यावा. महाराष्ट्रातील बहुतेक शाळा त्यानंतरच उघडतात. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा मात्र टाळावा, कारण तो तिथला मोठा पाऊस असतो, काळ्या मातीत गाड्या रुततात आणि काही मुक्काम बंदही असतात. जूनच्या तोंडावर पाऊस ओसरलेला, हवा स्वच्छ आणि कळप मध्य सेरेंगेटीतून पश्चिमेकडे निघालेले असे चित्र साधारणपणे असते. शिवाय तो विल्डबीस्टच्या माजाचा काळ आहे. नर आपापली जागा धरून दिवसभर हंबरतात, एकमेकांवर धावून जातात, आणि एखाद्या मैदानावर गाडीचे इंजिन बंद केले की चहूबाजूंनी घोगरा ‘ग्नू, ग्नू’ असा आवाज येत राहतो. या देखाव्याची जाहिरात कोणी करत नाही, पण मला तो नदी ओलांडण्याइतकाच मोठा वाटतो. एक उणीव सांगायला हवी: जूनमध्ये गवत अजून उंच असते, त्यामुळे बसलेला सिंह दहा पावलांवरूनही दिसत नाही.

दिवाळीचे गणित ती कधी येते यावर अवलंबून आहे. ऑक्टोबरमध्ये आली तर उत्तर सेरेंगेटीत, कोगाटेंडेच्या बाजूला, मारा नदीवर कळप मिळण्याची बरीच शक्यता असते. नोव्हेंबरमध्ये आली तर ते वाटेत, जंगलपट्ट्यात विखुरलेले असतात आणि तेव्हा केवळ स्थलांतरासाठी एवढा खर्च करावा असे मी म्हणणार नाही.

नदी ओलांडण्याबद्दल स्पष्ट बोलते, कारण याच एका अपेक्षेवर सर्वांत जास्त निराशा होते. जुलै ते ऑक्टोबरमध्येही ते रोज घडत नाही. हजारो जनावरे काठावर येतात, तासन्‌तास उभी राहतात, एखादा झेब्रा पाण्यात पाय घालून मागे घेतो आणि सगळा कळप चरायला परत फिरतो. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्यक्ष ओलांडणे सुरू झाले की मगरींपेक्षा धार, निसरडे खडक आणि चेंगराचेंगरी यांनीच जास्त जनावरे मरतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी सुमारे 6,250 विल्डबीस्ट बुडतात आणि त्यांची कलेवरे मासे, गिधाडे व खुद्द नदीला कित्येक महिने पोसतात. मसाई मारामध्ये 2024 पासून जुलै ते डिसेंबर या काळात परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर प्रवेशशुल्क आहे, हेही हिशेबात धरावे. 67 वर्षांच्या व्यक्तीला उन्हात बंद गाडीत पाच-सहा तास बसवून, शेवटी काही घडले नाही तर काय, याचा विचार घरीच करून निघावे.

ताडोबाची सवय असलेल्यांना एक बदल करावा लागतो. तिथे चार तासांची फेरी असते, कान चितळाच्या आणि वानराच्या इशाऱ्याकडे लागलेले असतात आणि मनात एकच जनावर असते. सवानात, म्हणजे तिथल्या उघड्या गवताळ रानात, दृष्टी दूर टाकायला शिकावे लागते. चार जिराफ चरणे थांबवून एकाच दिशेला पाहत असतील तर तिकडे पाहावे. गिधाडे घिरट्या घालत नसून सरळ रेषेत खाली उतरत असतील तर तिथे शिकार झाली आहे. वारुळावर उभे असलेले ‘टोपी’ नावाचे मोठे हरण एकटक पाहत फुत्कारत असेल तर गवतात कोणीतरी आहे. सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेराच्या नदीकाठी पिवळ्या खोडाच्या बाभळी आणि लांब फळे लोंबणारी सॉसेज ट्री दिसतात. त्यांच्या आडव्या फांद्यांवर बिबट्या शोधताना ठिपके शोधू नयेत, खाली लोंबणारी शेपटी शोधावी. तरसाला हिणवू नये. 1960 च्या दशकात प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी सेरेंगेटी आणि एन्गोरोंगोरो इथे रात्री जागून अभ्यास केला, तेव्हा तरस आपले बहुतेक अन्न स्वतः मारतो आणि पुष्कळदा सिंहच त्याची शिकार हिसकावतो, असे दिसून आले. अकरा वर्षांच्या मुलासकट प्रत्येकाची वेगळी दुर्बीण हवी, 8 बाय 42 मापाची. एका दुर्बिणीवर चौघांचे भागत नाही.

एकाच ठिकाणी चार रात्री का, याचे खरे कारण मला एका चित्त्याच्या मादीने शिकवले. सेरोनेराच्या पूर्वेकडील मैदानावर सकाळी सातला ती वारुळावर बसलेली दिसली, सोबत तीन-चार महिन्यांची दोन पिल्ले. आमच्या चालकाने साठ-सत्तर मीटरवर इंजिन बंद केले आणि तिच्या बरगड्यांमागचा खोल गेलेला भाग दाखवून सांगितले की तिने कालपासून खाल्लेले नाही. सव्वानऊला ती उतरली. पिल्ले गवतात दबून बसली आणि ती मान खाली घालून थॉमसन गॅझेलच्या एका लहान कळपाकडे निघाली. पाऊल टाकायची, थिजायची, पुन्हा टाकायची. अंतर शंभर मीटरच्या आत आले असताना मागून दुसऱ्या एका कंपनीची गाडी रस्ता सोडून मधे घुसली, तिच्यामागे आणखी तीन. गॅझेल उधळले. मादी तिथेच बसली, धापा टाकत नव्हती, फक्त बसली, आणि थोड्या वेळाने पिल्ले येऊन तिचे तोंड चाटू लागली. त्या गाडीतील प्रवाशांना त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पुढचे उद्यान गाठायचे होते, हे नंतर त्यांच्या चालकाकडूनच कळले. मसाई मारामधील चित्त्यांवरचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची गर्दी कमी असलेल्या भागात एक मादी सरासरी दोनहून अधिक पिल्ले वाढवते आणि जास्त गर्दीच्या भागात हे प्रमाण जेमतेम 0.2 वर येते, असे त्यात आढळले. घाईचा कार्यक्रम केवळ आपल्याला थकवत नाही. त्याची किंमत त्या जनावराला मोजावी लागते. म्हणून चालकाला गाडी रस्त्याखाली उतरवायला कधीही सांगू नये. सेरेंगेटी उद्यानात ते नियमबाह्यच आहे.

आता कार्यक्रम. किलिमांजारो विमानतळावर उतरून पहिली रात्र जवळच्या अरुशा शहरात विश्रांतीची. दुसऱ्या दिवशी एन्गोरोंगोरोजवळच्या कराटू गावापर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, तिथे मुक्काम. तिसऱ्या दिवशी पहाटे एन्गोरोंगोरोच्या विवरात, म्हणजे खचलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट तळाशी, उतरावे. सुमारे 260 चौरस किलोमीटरचा तळ आणि 600 मीटर उंचीच्या कडा, त्यात काळा गेंडा दिसण्याची शक्यता सेरेंगेटीपेक्षा जास्त. कडेची उंची 2,200 मीटरच्या पुढे असल्याने जूनमध्ये तिथे चांगलीच थंडी असते. सासूबाईंचा स्वेटर आणि कानटोपी मोठ्या बॅगेत तळाशी ठेवू नये. चौथ्या दिवशी सेरेंगेटीकडे निघताना वाटेत ओल्डुवाई घळीचे संग्रहालय लागते. 1959 मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना आदिमानवाची प्रसिद्ध कवटी तिथे सापडली. मुलासाठी तासभर जरूर थांबावे. मग चार रात्री सेरोनेरा परिसरात, आणि कळप पश्चिमेला असतील तर एक दिवस डबा घेऊन दिवसभर तिकडे. परतीचा प्रवास मात्र सेरोनेराच्या धावपट्टीवरून लहान विमानाने अरुशापर्यंत करावा. सात-आठ तासांचा खडबडीत रस्ता तासाभरावर येतो आणि ज्येष्ठांसाठी हा खर्च मी अनावश्यक मानत नाही. या विमानांत माणशी 15 किलो सामान, तेही मऊ कापडी बॅगेत, एवढीच मुभा असते.

सासूबाईंसाठी काही गोष्टी मोकळेपणाने लिहिते. गाडीत त्यांना मागच्या चाकांवरची जागा देऊ नये, मधल्या रांगेत बसवावे आणि कंबरेमागे लहान उशी द्यावी. स्वच्छतागृहे फाटकांवर आणि सेरोनेराच्या माहिती केंद्रात आहेत, पण मधे तीन-तीन तास काही नसते. त्या भीतीने अनेक स्त्रिया पाणी पिणेच सोडतात आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखीने आजारी पडतात. चालकाला निःसंकोच सांगावे, तो सुरक्षित जागा पाहून गाडीच्या आडोशाला थांबवतो. हे तिथे रोजचे आहे. तंबूच्या मुक्कामांना कुंपण नसते. अंधार पडल्यावर तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही, जेवायला जाताना पहारेकऱ्याला बोलवायचे, आणि रात्री तरसाचा चढत जाणारा आवाज आला तर तो वाटतो तितका जवळ नसतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. तंबूला लागूनच स्वच्छतागृह असल्याची खात्री आरक्षणापूर्वीच करावी.

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा प्रश्न मार्गावर अवलंबून आहे. केनिया आणि इथियोपिया हे त्या रोगाच्या यादीतील देश आहेत, आणि नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे परतणाऱ्याकडे भारतात प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते; ते नसल्यास सहा दिवस विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून मगच निर्णय घ्यावा आणि शक्य असल्यास आखाती देशांमार्गे जाणारे विमान पाहावे. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच, पण सर्वांनी घ्याव्यात; त्या परतल्यावरही काही दिवस चालू ठेवाव्या लागतात. कपड्यांत गडद निळा आणि काळा रंग टाळावा, कारण तिथली चावणारी त्सेत्से माशी या रंगांकडे खेचली जाते. पश्चिमेकडे जाताना झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे चौकोन टांगलेले दिसतील, ते याच माशीसाठी लावलेले सापळे आहेत.

खाण्याची चिंता करू नये. अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे आणि शाकाहारी जेवण म्हणजे काय हे तिथल्या स्वयंपाक्यांना ठाऊक आहे. फक्त कांदा-लसूण नको असेल तर ते लेखी कळवावे. चिवडा, लाडू, मेतकूट जरूर न्यावे, पण घरच्या सवयीने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नये. टांझानियात 1 जून 2019 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि त्या विमानतळावरच काढून घेतल्या जातात. कापडी पिशव्या आणि स्टीलचे डबे उत्तम.

कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: गाडी फक्त आपल्या चौघांसाठी असेल, किलोमीटरची मर्यादा नसेल आणि चालक-मार्गदर्शक पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तोच राहील. तिथे चालक हाच मार्गदर्शक असतो, आणि चांगल्या-वाईट सफरीतला बहुतेक फरक त्या एका माणसाने पडतो. बऱ्याच चालकांना असे वाटते की भारतीय प्रवाशांना दिवसात जास्तीत जास्त जनावरे दाखवली तरच ते खूश होतात, आणि म्हणून ते एका ठिकाणी पाच मिनिटांहून जास्त थांबत नाहीत. पहिल्या संध्याकाळीच त्याच्याशी चहा घेत बसावे, स्वाहिलीतही त्याला चायच म्हणतात. मुलाला एक वाक्य पाठ करून न्यायला सांगावे: ‘हतुना हराका’, म्हणजे आम्हाला घाई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या वारुळापाशी तो इंजिन बंद करील.